रात्रीचा खोकला वहीत पकडा : मुलांचा दमा वेळेत कसा ओळखायचा

आमच्या कपाटात एक शंभरपानी वही आहे. वर धाकट्याचं नाव, इयत्ता तिसरी, विषय गणित. पहिल्या चार पानांवर हातच्याच्या वजाबाक्या आहेत. कोरोनामुळं तेव्हा शाळा उघडझाप करत होत्या, त्यामुळं गणित तिथंच थांबलं. पाचव्या पानापासून माझं अक्षर सुरू होतं : 'मंगळवार. पहाटे ३.१० ते ३.४५. कोरडा खोकला, कफ नाही. उठून बसला, पुढं वाकला. पाणी प्यायला. ताप नाही. सकाळी सातला ठणठणीत.'

त्या 'सकाळी सातला ठणठणीत'नं आम्हाला सव्वादोन वर्षं फसवलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तासगाव तालुक्यात. राहायला सांगलीत, गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली ती माळ्यापर्यंत. पाणी उतरल्यावर गाळ काढला, फिनेल मारलं, पण भिंती दिवाळीपर्यंत ओल्याच होत्या. लोखंडी कपाट सरकवलं की मागं हिरवट-काळी बुरशी. त्याच दिवाळीत धाकट्याचा खोकला सुरू झाला. सहा वर्षांचा होता. दवाखान्यात न्यायचो ते सकाळी अकराला, शाळेतून अर्धी रजा काढून. डॉक्टर नळी लावायचे, 'छाती साफ आहे' म्हणायचे, खोकल्याचं औषध आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहून द्यायचे. आठवड्यात बरं, महिन्यानं परत तेच. सासूबाई म्हणायच्या, "कफाची प्रकृती हाय त्याची, मोठा झाला की जाईल." आणि मी, जी वर्गातल्या चाळीस पोरांची नाटकं ओळखते, ती म्हणायची, "शाळा नको म्हणून सोंग करतोय." मधे कोरोना आला, तेव्हा तर खोकणारं पोर घेऊन दाराबाहेर पडायची चोरी.

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. सकाळी अकराला छाती खरंच साफ होती. पहाटे तीनला काय होतं ते त्यांना दिसायची सोय नव्हती आणि आम्हाला दिसत असून सांगता येत नव्हतं. मी काय सांगायचे? "रात्री खोकतो हो." रात्री सगळीच मुलं कधी ना कधी खोकतात.

म्हणून पुढचं सगळं घरच्या माणसांसाठी आहे. निदान डॉक्टरच करतील, पण रात्र त्यांच्यापर्यंत नेऊन पोचवायचं काम आपलं.

थोडं आतलं सांगते, मग बाकीचं आपोआप कळेल. दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात. सर्दी, धूर, धूळ, थंड हवा असं काही निमित्त झालं की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि वाट अरुंद होते. हवा आत जाते कशीबशी, बाहेर पडताना जास्त अडते. निमित्त सरलं की नळी पुन्हा मोकळी. आज बंद, उद्या उघडी, ही या आजाराची चालच आहे. पहाटेच्या वेळी तर चांगल्या माणसाच्याही श्वासनळ्या थोड्या अरुंद होतात, कारण सूज आवरणारं शरीरातलं संप्रेरक रात्री कमी पडतं. आपल्याला ते जाणवत नाही, दमेकऱ्याला जाग येते.

आधी कान लावा

पोर खोकत उठलं की पहिलं काम पंखा बंद. शर्ट वर करून पाठीला, खांद्याच्या फऱ्याखाली, कान लावा. श्वास सोडताना बारीक शिट्टी येते का? आपल्याकडं 'छाती वाजते' म्हणतात ते हेच. बंद खिडकीच्या फटीतून वारा शिरतो तसा सुंऽऽ आवाज असतो, आणि श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आवाज श्वास *घेताना* येत असेल, जाडसर, घशातून, भुंकल्यासारख्या खोकल्याबरोबर, तर तो बहुतेक वरचा, घशाकडचा त्रास. तोही साधा नाही, स्वस्थ बसलेल्या पोराला तसा आवाज येत असेल तर तिथूनच दवाखाना गाठायचा. पण तो दमा नव्हे. नाक चोंदल्यावर येणारी घुरघुर तिसरीच. ओळखायची युक्ती अशी की नाक शिंकरून साफ केलं की ती जाते, छातीतली शिट्टी जात नाही.

मग मोबाईल. उघड्या तोंडाजवळ आणि पाठीजवळ धरून तीस-तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करा. शर्ट वर केलेला व्हिडिओ काढला तर आणखी चांगलं, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते का ते त्यात दिसतं. मी पहिलं रेकॉर्डिंग केलं ते २०२२ च्या जानेवारीत. आमचे हे झोपेत म्हणाले, "अगं, पोराला पाणी दे, फोन काय धरून बसलीस?" पण बालरोगतज्ज्ञांनी, म्हणजे नव्या डॉक्टरांनी, ते कानाला लावून दोनदा ऐकलं आणि विचारलं, "हे किती दिवसांपासून?" तोवर हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता.

एक मात्र ध्यानात ठेवा, शिट्टी वाजलीच पाहिजे असं नाही. कित्येक मुलांत दमा नुसत्या कोरड्या खोकल्यानंच सुरू होतो. आमच्याकडं पहिलं दीड वर्ष छाती वाजलीच नव्हती.

पळून थांबल्यावर बघा

हे मी शाळेच्या मैदानावर शिकले, तेही उशिराच. खो-खो खेळून सगळ्याच पोरांना धाप लागते, दोन-तीन मिनिटांत उतरते आणि पोरं नळाकडं पळतात. दमेकरी मुलाचं उलट असतं. पळताना बऱ्यापैकी पळतं, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकल्याची उबळ सुरू होते, छाती आवळल्यासारखी वाटते आणि अर्ध्या-पाऊण तासानं निवळते. तोवर मधली सुट्टी संपून तास सुरू झालेला असतो, आणि बाईंना वाटतं हा वर्गात मुद्दाम खोकतोय.

लहान मुलाला 'छाती आवळते' हे शब्द माहीत नसतात. आमचा धाकटा म्हणायचा, "आई, माझ्या छातीवर दप्तर ठेवलंय." दुसरी एक मुलगी पोट दुखतं म्हणायची आणि हात छातीवर असायचा. म्हणून शब्दाकडं नाही, हाताकडं बघा. आणि मूल काय *टाळतंय* ते बघा : पकडापकडीत सारखा पंच व्हायला तयार होणारा, जिना चढताना मधेच बुटाची लेस बांधणारा, खो-खोत कडेला बसून गुण लिहिणारी. खळखळून हसताना किंवा रडताना हमखास ठसका लागणं हेही त्यातलंच. आमच्याकडं टीव्हीवरचं काही विनोदी लागलं की शेवट खोकल्यानंच व्हायचा, आणि आम्ही त्यालाही हसायचो.

सर्दी कुठं जाते?

शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नवलाचं नाही. ती आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. पण प्रत्येक सर्दी छातीतच उतरत असेल, नाक कोरडं झालं तरी खोकला दहा दिवसांच्या पुढं रेंगाळत असेल आणि हे वर्षातून तीन-चार वेळा होत असेल, तर 'हवा बदलली' म्हणून सोडून देऊ नका. त्यातून आई-वडिलांपैकी कुणाला दमा असेल, मुलाला सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका येत असतील, नाक सतत खाजवून नाकावर आडवी रेघ पडली असेल, लहानपणी कोपराच्या नि गुडघ्याच्या आतल्या बाजूला खाजरा इसब झाला असेल, तर पारडं दम्याकडं झुकतं. ही सगळी एकाच घरची भावंडं आहेत.

वही

आता मुख्य. पाच रकाने आखा : तारीख, त्रास किती ते किती, काय झालं, त्या दिवशी कुठं होतो, आणि वास. हो, वास. तो रकाना मी सहज घातला होता, पण सगळ्यात जास्त कामाला आला.

फेब्रुवारीच्या मध्यावर वही उलटी चाळली तर लाल पेनाच्या नोंदी, म्हणजे वाईट रात्री, बऱ्याचशा सोमवारच्या पहाटेच्या निघाल्या. शनिवार-रविवार आम्ही माहेरी जायचो, भावाच्या बेदाण्याच्या शेडवर. द्राक्षं जाळीवर वाळत आली की रंग धरायला गंधकाची धुरी देतात. तो धूर नाकात गेला की मोठ्या माणसाचंही डोकं झणझणतं. गंधक जळून जो वायू होतो तो दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतो, ही वैद्यकशास्त्राला जुनी माहीत असलेली गोष्ट. आणि आम्ही पोराला 'मोकळी हवा मिळेल' म्हणून तिथं नेत होतो! भाऊ म्हणाला, "ताई, आमची पोरं तर इथंच वाढली." खरंच आहे. सगळ्यांच्या नळ्या सारख्या नसतात.

तुमच्या वहीत दुसरं काही निघेल. आपल्या भागात काही नेहमीचे संशयित आहेत : साखर कारखान्यांच्या हंगामात पेटवलेलं पाचट, गुऱ्हाळाचा धूर, हळद पॉलिश करतानाची धूळ, पावसाळ्यानंतर माजलेलं गाजरगवत, दिवाळीचे फटाके, डासांची कॉइल, जुन्या गाद्या-वाकळांतले डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे. पूर येऊन गेलेल्या घरांनी कपाटामागची भिंत वर्षातून दोनदा बघावी. तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची आपल्याकडं रीत आहे. शेक द्या, माया करा, धूर नको. आणि घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ते 'गॅलरीत ओढतो' म्हणतील, तरी वहीत लिहा.

दोन ते चार आठवडे लिहिलं की पुरे. रोज पानभर लिहायला बसलात तर आठव्या दिवशी कंटाळून सोडाल. एक ओळ लिहा, पण त्रास *नसेल* त्या दिवशीही 'काही नाही' असं लिहा, नाहीतर चढउतार दिसणार नाही.

तान्ह्या बाळांचं वेगळं

पाच वर्षांखालच्या मुलांत दम्याचा शिक्का मारायची घाई चांगले डॉक्टरही करत नाहीत, कारण या वयात नुसत्या विषाणूच्या सर्दीनंही छाती वाजते आणि पुष्कळांची पुढं आपोआप थांबते. पण श्वास मोजायला शिका. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना, घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट पोटाची उघडझाप मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. अंगणवाडी ताई आणि आशा ताईंना हे आकडे तोंडपाठ असतात. असं मोजून निघालं तर दमा की न्यूमोनिया याचा काथ्याकूट घरी करायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आणि एक. खेळता खेळता, काही खाता खाता, एकाएकी ठसका लागून छाती वाजायला लागली, तर आधी शेंगदाण्याचा संशय घ्या. आपल्याकडं सुगीत शेंगांचे ढीग अंगणात असतात. दाणा श्वासनळीत अडकला तर ठसका थांबल्यासारखा वाटतो नि मूल पुढं आठवडाभर खोकत राहतं. दमा असा एका क्षणात पहिल्यांदा उगवत नाही. तसंच दोन आठवड्यांवर खोकला, बरोबर बारीक ताप, वजन घटणं असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

डॉक्टर काय करतील

आमच्या डॉक्टरांनी एक प्लॅस्टिकची फुंकनळी दिली, पीक फ्लो मीटर. उभं राहून, पूर्ण श्वास भरून, एकदम जोरात फुंकायचं. काटा सरकतो. तीनदा फुंकून त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सकाळ-संध्याकाळ. धाकट्याला तो खेळच वाटला. एका दिवसाचा आकडा सांगते : संध्याकाळी २००, पहाटे १६०. फरक ४०, दोन्हींची सरासरी १८०, म्हणजे २२ टक्के. अशी रोजची टक्केवारी काढून एक-दोन आठवड्यांची सरासरी धरतात. मुलांत ती १३ च्या वर आणि मोठ्यांत १० च्या वर गेली की दम्याच्या बाजूनं पुरावा होतो. गणिताच्या वहीत अखेर गणित आलं.

दुसरी तपासणी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजायचा. साधारण सहा वर्षांपासून पुढच्या मुलाला ती नीट जमते. आधी फुंकायचं, मग नळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. १२ टक्क्यांच्या वर सुधारणा दिसली तर नळी आवळलेली होती आणि ती उघडते, दोन्ही कळतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दमा नाही असं समजू नका. चांगल्या दिवशी तो नॉर्मलच येणार. म्हणून तर वही. छातीच्या एक्स-रेमध्ये दमा दिसत नाही, तो बाकीचे आजार वगळायला काढतात.

मग येतो पंप, म्हणजे औषध श्वासावाटे आत ओढायचा इनहेलर. "पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचा उपाय" हे मला स्टाफरूममध्ये तीन जणींनी सांगितलं, तिघींपैकी एकीच्याही घरी दमा नाही. सवय लागत नाही. रोजच्या पंपात सूज आवरणारं स्टेरॉइड असतं, पण गोळीतलं स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये असतं आणि सगळ्या अंगात फिरून छातीत पोचतं, पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट नळीत जातं. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, हे आपण पोरांना शिकवतो नि स्वतः विसरतो. मुलांना पंप नुसता तोंडात मारून देऊ नका, स्पेसर म्हणजे मधला डबा लावा, नाहीतर बरंचसं औषध घशालाच चिकटतं. नंतर चूळ भरायला लावा. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घ्यायला किंवा मृगाला हैदराबादला मासा गिळायला जाणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. मी कुणाच्या श्रद्धेशी भांडत नाही. रोजचा पंप बंद करून जाऊ नका, एवढंच भांडण.

थांबायचं नाही अशी वेळ

हे फ्रिजवर चिकटवा. मूल एक वाक्य एका दमात बोलू शकत नाही, दोन शब्दांवर थांबतं. बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची खळी आत ओढली जाते, नाकपुड्या फेंदारतात. ओठ निळसर-राखाडी दिसतात. मूल गुंगीत जातं. किंवा इतका वेळ वाजणारी छाती एकदम गप्प होते आणि पोर मात्र दमलेलंच आहे. या गप्प होण्याला 'बरं वाटलं' समजू नका, हवा जायचीच बंद होत आली की शिट्टीही बंद होते. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. मुलाला आडवं करू नका, बसतं ठेवा. दम्याचा झटका आवरणारा (नळ्या लगेच मोकळ्या करणारा) पंप घरात असेल तर स्पेसरमधून एका वेळी एक असे चार फवारे, प्रत्येकाला चार-पाच श्वास. गाडी येईपर्यंत वीस मिनिटांनी परत. आमच्या डॉक्टरांनी हे कागदावर लिहून सही करून दिलंय, तुम्हीही तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. विक्स, वाफ, शेगडी, काढा यांत दहा मिनिटंही घालवू नका.

मोठ्यांचं दोनच ओळींत. पिठाच्या गिरणीत, हळदीच्या गोदामात, पोल्ट्रीवर काम करणाऱ्याला सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं आणि कामावर गेलं की छाती धरते, तर दमा कामातून आलेला असू शकतो, डॉक्टरांना काम काय करता ते आधी सांगा. आणि चाळीस वर्षं चुलीपुढं बसलेल्या आजीची धाप बहुतेक वेळा दमा नसून धुरानं झालेला फुप्फुसांचा कायमचा आजार असतो, त्याची तपासणी नि औषधयोजना वेगळी.

माझ्या वर्गात यंदा चौथीत एक मुलगी आहे. खो-खोच्या वेळी ती कडेला बसून गुण लिहायची. मागं एकदा मीच तिला सगळ्यांसमोर 'आळशी' म्हणाले होते, ते अजून टोचतं. तिच्या आईला बोलावून कोरी वही दिली, रकाने आखून. बिचारी म्हणाली, "बाई, मला लिवायला तेवढं जमत न्हाई." म्हटलं, पोरीकडून लिहून घ्या, आणि रात्री फोनवर आवाज तेवढा पकडा. परवा पहाटे ३.२० ला तिचं रेकॉर्डिंग आलं. सगळं फॅनच्या खडखडाटात बुडालेलं. मी लगेच फोन केला : "ताई, पंखा बंद करा आणि परत घ्या. मी जागीच आहे."